शब्द माहीत असतात, मग ऐन वेळी जातात कुठे?

‘टॉल’, ‘थिन’, ‘कर्ली हेअर’, ‘ग्लासेस’, ‘बिअर्ड’, ‘फ्रेंडली’, ‘शाय’. माणसाचं वर्णन करायला लागणारे हे इंग्रजी शब्द शाळेत गेलेल्या बहुतेकांना ठाऊक असतात. कागद-पेन हातात दिलं तर पाच मिनिटांत वीस-पंचवीस शब्द सहज लिहून होतील. तरीही कुणी समोर उभं राहून ‘व्हॉट्स युवर न्यू बॉस लाइक?’ असं विचारलं, की तोंडातून ‘ही इज... गुड’ एवढंच बाहेर पडतं. पुढचं सगळं घशातच अडकतं. नंतर एकटं असताना मात्र वाक्यांमागून वाक्यं सुचत राहतात.

असं झालं की बहुतेक जण शब्दसाठा कमी पडतो असं धरून चालतात आणि आणखी शब्द पाठ करायला बसतात. मला वाटतं, इथे निदानच चुकतं. शब्द डोक्यात असतातच, ते वेळेवर हाताशी येत नाहीत. आणि हा वेळ किती तुटपुंजा असतो हे कळलं, की सराव कसा करायचा तेही बऱ्यापैकी उलगडतं.

नेदरलँड्समधल्या नायमेखन इथल्या माक्स प्लांक मनोभाषाविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये जगभरातल्या दहा भाषांमधली रोजची संभाषणं तपासली. एकाचा प्रश्न संपल्यावर दुसऱ्याचं उत्तर सुरू व्हायला किती वेळ लागतो, हे त्यांनी मोजलं. सरासरी अंतर निघालं सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. जपानी बोलणारे सर्वांत चटकन उत्तर देणारे, डॅनिश बोलणारे सर्वांत सावकाश. पण दहाही भाषा या सरासरीपासून पाव सेकंदाच्या आतच होत्या.

आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवू. एखाद्या साध्या वस्तूचं चित्र दाखवून तिचं नाव सांगायला लावलं, तर चित्र दिसल्यापासून आवाज फुटेपर्यंत साधारण ६०० मिलिसेकंद जातात. हे मातृभाषेत, आणि एका शब्दासाठी. मग लोक २०० मिलिसेकंदांत उत्तर देतात कसे? समोरच्याचा प्रश्न संपायच्या आधीच ते उत्तर जुळवू लागतात. ऐकणं आणि बोलण्याची तयारी ही दोन्ही कामं एकाच वेळी चाललेली असतात.

याच संस्थेचे संस्थापक-संचालक विलेम लेव्हेल्ट यांनी १९८९ मध्ये बोलण्याच्या प्रक्रियेचा एक आराखडा मांडला. आधी काय सांगायचं ते ठरतं, मग त्यासाठी शब्द आणि वाक्यरचना जुळते, आणि शेवटी जीभ, ओठ, स्वरयंत्र हलतात. मातृभाषेत दुसरा आणि तिसरा टप्पा जवळजवळ आपोआप पार पडतो, त्यामुळे आपलं सगळं लक्ष पहिल्यावर राहतं. परक्या भाषेत दुसरा टप्पाच लक्ष खाऊन टाकतो. ‘हॅज’ की ‘इज’, ‘ही’ की ‘शी’, विशेषण आधी की नंतर, यातलं प्रत्येक पाऊल जाणीवपूर्वक टाकावं लागतं. त्यात मातृभाषेतले शब्दही मध्ये डोकावत असतात. एका वेळी मनात धरून ठेवता येतील अशा गोष्टी जेमतेम चार-पाच. इतक्या जागेत समोरच्याचं ऐकणं आणि आपलं वाक्य रचणं ही दोन्ही कामं मावत नाहीत, आणि बोलणारा ‘गुड’वर थांबतो.

त्यात माणसाचं वर्णन ही मुळातच अवघड गोष्ट आहे, आणि हा दोष इंग्रजीचा नाही. मराठीतच करून पाहा. सख्ख्या भावाचा किंवा बहिणीचा चेहरा डोळ्यांसमोर आणा आणि ज्याने त्यांना कधीच पाहिलं नाही अशा माणसाला गर्दीत त्यांना शोधता येईल इतकं नेमकं वर्णन करा. सावळा रंग, सरळ नाक, मध्यम बांधा... गर्दीतल्या निम्म्या लोकांना हे लागू पडेल.

कारण चेहरा आपण सुटा सुटा पाहतच नाही. नॅन्सी कॅनविशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मेंदूच्या तळाकडच्या भागात असा एक पट्टा दाखवून दिला, जो इतर वस्तूंपेक्षा चेहरे पाहताना जास्त सक्रिय होतो. त्याच्या दहा वर्षं आधी ब्रिटनमध्ये झालेला एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. एका ओळखीच्या चेहऱ्याचा वरचा अर्धा भाग आणि दुसऱ्या चेहऱ्याचा खालचा अर्धा भाग नीट जुळवून चिकटवला, तर वरचा माणूस कोण हे ओळखायला लोकांना जड जातं. तेच दोन तुकडे जरा बाजूला सरकवले की ओळख लगेच पटते. म्हणजे दोन अर्धे जुळताच मेंदू त्यांना एक नवाच चेहरा मानून मोकळा होतो. भाषेला मात्र नाक, डोळे, केस असं एकेक करूनच सांगावं लागतं.

शब्दांत मांडण्याचा उलटा परिणामही होऊ शकतो. १९९० मध्ये जोनाथन स्कूलर आणि टोन्या एंग्स्टलर-स्कूलर यांनी काही लोकांना बँकेवरच्या दरोड्याची चित्रफीत दाखवली. नंतर त्यांतल्या काहींना दरोडेखोराच्या चेहऱ्याचं सविस्तर वर्णन लिहायला लावलं. बऱ्याच छायाचित्रांतून तो ओळखायची वेळ आली, तेव्हा वर्णन लिहिणारेच जास्त चुकले. २०१४ मध्ये अनेक प्रयोगशाळांनी मिळून हा प्रयोग पुन्हा केला आणि परिणाम खरा ठरला. वर्णन नेमकं केव्हा लिहून घेतलं, यावर तो कमी-जास्त होतो हेही त्यातून दिसलं.

मग माणसं एकमेकांना वर्णन करून सांगतात तरी कसं? याचं सर्वांत सुंदर उत्तर स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या हर्बर्ट क्लार्क आणि डीना विल्क्स-गिब्ज यांच्या १९८६ च्या प्रयोगात आहे. दोघांच्या मध्ये पडदा. दोघांकडेही त्याच बारा आकृत्या, त्रिकोण-चौकोन जोडून केलेल्या, माणसांसारख्या दिसणाऱ्या. एकाने वर्णन करायचं, दुसऱ्याने ते ऐकून आपल्या आकृत्या त्याच क्रमाने लावायच्या. असे सहा डाव. पहिल्या डावात एका आकृतीसाठी सरासरी ४१ शब्द लागले, सहाव्यात फक्त ८. सुरुवातीला एक आकृती ‘बर्फावर स्केटिंग करणाऱ्या माणसासारखी, फक्त दोन हात पुढे केलेली’ अशी सांगितली गेली. शेवटी ‘द आइस स्केटर’ एवढ्यावर काम भागू लागलं. महत्त्वाचं म्हणजे ही घट बोलणाऱ्याने एकट्याने केली नव्हती. ऐकणारा मध्येच ‘हं’ म्हणत होता, ‘म्हणजे पाय दुमडलेला तो?’ असं विचारत होता. ते वर्णन दोघांनी मिळून घडवलं होतं.

इंग्रजी संभाषणाच्या सरावात हाच प्रयोग उचलावा, असं मला मनापासून वाटतं. आरशासमोर एकट्याने ‘माय फ्रेंड इज टॉल’ म्हणण्यापेक्षा आठ-दहा अनोळखी चेहऱ्यांची छायाचित्रं घ्या आणि जोडीदारासमोर बसा. एकाने मनात एक चेहरा धरायचा, दुसऱ्याने प्रश्न विचारत तो शोधायचा. छायाचित्रं निवडताना थोडा खट्याळपणा हवा. सगळे दाढीवाले घ्या, किंवा सगळ्या चष्मा लावणाऱ्या बायका. चेहरे फार वेगवेगळे असले तर ‘द मॅन विथ द बिअर्ड’ म्हटलं की खेळ संपला. सारखे असले की ‘हिज बिअर्ड इज शॉर्टर’, ‘ही हॅज अ स्कार अबव्ह हिज लेफ्ट आय’ अशी वाक्यं काढावीच लागतात. ‘डू यू मीन द वन ऑन द लेफ्ट?’ असले प्रश्नही आपोआप तोंडात बसतात. शब्दांच्या याद्यांत असे प्रश्न कधीच नसतात.

इथे मराठी बोलणाऱ्याची जीभ दोन ठिकाणी हमखास अडखळते. ‘तो उंच आहे’, ‘त्याला दाढी आहे’ या दोन्हींत आपलं ‘आहे’ने भागतं. इंग्रजीत उंची, बांधा, वय, स्वभाव ‘इज’वर जातात, केस, डोळे, दाढी, तीळ ‘हॅज’वर, चष्मा, कपडे, दागिने ‘वेअर्स’ किंवा ‘इज वेअरिंग’वर. हे तीन साचे डोळे मिटून यायला हवेत. दुसरी अडचण ऐकण्याची. ‘व्हॉट डज शी लुक लाइक?’ हा प्रश्न दिसण्याबद्दल आहे, ‘व्हॉट इज शी लाइक?’ बहुतेक वेळा स्वभावाबद्दल, आणि ‘हाउ इज शी?’ म्हणजे ती बरी आहे ना. वरवर सारखे वाटणारे हे तीन प्रश्न कानाने तिथल्या तिथे वेगळे केले नाहीत, तर तयार होणारं उत्तर पहिल्या शब्दापासूनच भलतीकडे जातं.

सराव एकदा करून सोडून देण्यात फारसा अर्थ नाही. भाषाशिक्षणात पॉल नेशन यांच्यामुळे रुळलेली ‘चार-तीन-दोन’ ही पद्धत आहे. एकाच विषयावर आधी चार मिनिटं बोलायचं, मग नवा श्रोता गाठून तेच तीन मिनिटांत, मग तिसऱ्या श्रोत्याला दोन मिनिटांत. नेल द योंग आणि चार्ल्स परफेटी यांनी इंग्रजी शिकणाऱ्यांवर ही पद्धत तपासली आणि २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका गटाने तोच विषय पुन्हा पुन्हा सांगितला, दुसऱ्याने दर वेळी नवा विषय घेतला. सराव चालू असताना दोन्ही गटांचं बोलणं सुधारत होतं. पण नंतर, अगदी नव्या विषयावर बोलतानाही, ज्यांच्या बोलण्यातला ओघ टिकून राहिला ते होते तोच विषय पुन्हा सांगणारे. ‘तेच तेच काय बोलायचं’ म्हणून कंटाळणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. पुनरुक्तीत वाक्यरचनेचे साचे आपोआप चालू लागतात, आणि मग लक्ष आशयाकडे द्यायला मोकळं होतं.

नुसतं वाचत आणि ऐकत राहिल्याने हे का होत नाही, याचा धडा कॅनडात मिळाला. तिथे इंग्रजी बोलणारी मुलं वर्षानुवर्षं सगळे विषय फ्रेंचमधून शिकत होती. त्यांना ऐकलेलं-वाचलेलं उत्तम समजायचं, तरी त्यांच्या बोलण्यातलं व्याकरण मागे राहिलं होतं. मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये यावरून असा विचार मांडला, की समजून घेणाऱ्याला व्याकरणाला बगल देता येते, बोलणाऱ्याला ती सोय नसते. त्यामुळे भाषा तोंडातून काढावी लागणं हाच शिकण्याचा भाग असतो. आठवून काढण्याचं महत्त्व स्मरणशक्तीच्या प्रयोगांतही दिसतं. २००६ मध्ये रोडिगर आणि कारपिकी यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के मजकूर सांगता आला, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के.

शब्द यायला उशीर लागणारच असेल तर तसं सांगून टाकावं. क्लार्क आणि जीन फॉक्स ट्री यांनी २००२ मध्ये दाखवलं, की इंग्रजी बोलणारे ‘अह’ आणि ‘अम्’ हे आवाज थोड्या आणि जास्त उशिराची सूचना म्हणून वापरतात. ‘वेल, लेट मी थिंक’ किंवा ‘हाउ शुड आय पुट इट’ ही अख्खी वाक्यं जिभेवर तयार ठेवली तर दीड-दोन सेकंद हक्काचे मिळतात, आणि समोरचाही गोंधळत नाही.

नव्या माणसाला भेटताना आणखी एक गोष्ट हमखास निसटते, ती म्हणजे त्याचं नाव. १९८७ मधल्या एका प्रयोगात लोकांना चेहऱ्यांसोबत आडनावं आणि व्यवसाय शिकवले. त्यांत ‘बेकर’सारखे शब्द मुद्दाम ठेवले होते, जे आडनावही असतात आणि व्यवसायही. शब्द तोच, तरी व्यवसाय म्हणून सांगितला तेव्हा तो जास्त लक्षात राहिला. पाव भाजणाऱ्या माणसाशी पीठ, भट्टी, वास असं बरंच काही जोडलेलं असतं. नावाला असा आधार नसतो. परक्या भाषेतलं नाव तर ध्वनीपासूनच अनोळखी. म्हणून ‘सॉरी, आय डिडन्ट कॅच युवर नेम’ हे वाक्य ‘नाइस टू मीट यू’इतकंच सरावाचं असावं. ते मागून घेण्यात काहीही कमीपणा नाही.

स्वभावाबद्दल बोलताना मी ‘इज’पेक्षा ‘सीम्स’ची सवय लावून घ्या असं सांगेन. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या जॅनीन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरॉव्ह यांनी २००६ मध्ये दाखवलं, की चेहरा दशांश सेकंद दिसला तरी माणूस विश्वासू आहे की नाही याचं मत बनतं, आणि जास्त वेळ दिला तरी ते फारसं बदलत नाही, फक्त पक्कं होत जातं. ते बरोबर असतं असा याचा अर्थ नव्हे. पहिल्या भेटीनंतर ‘ही सीम्स अ बिट रिझर्व्ह्ड’ म्हणणं जास्त खरं आहे, आणि इंग्रजीत ते जास्त सभ्यही वाटतं.

धास्तीचं काय करायचं? २०१८ मध्ये एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी अनोळखी लोकांना एकमेकांशी बोलायला बसवलं आणि नंतर दोघांना वेगवेगळं विचारलं. समोरच्याला आपण किती आवडलो असू, याचा अंदाज लोकांनी प्रत्यक्षापेक्षा कमीच केला होता. परक्या भाषेत अडखळत बोलणाऱ्याच्या मनात ही शंका किती वाढत असेल ते सांगायला नको. त्याच्या आदल्या वर्षी हार्वर्डमधल्या कॅरन हुआंग आणि सहकाऱ्यांना आढळलं, की जे लोक ऐकलेल्या उत्तरावरूनच पुढचा प्रश्न विचारतात, ते समोरच्याला जास्त आवडतात. अशा प्रश्नाला शब्दही थोडेच लागतात. ‘माय सिस्टर इज व्हेरी शाय’ असं कुणी म्हटलं, की ‘रियली? वॉज शी ऑल्वेज लाइक दॅट?’ एवढं पुरतं. छायाचित्रांच्या सरावातही चेहरा ओळखून झाल्यावर त्या माणसाबद्दल असा एक तरी प्रश्न विचारायचा नियम करावा.