टूरिंग मोटरसायकल उचलणे

टूरिंग मोटरसायकल उचलणे : चाक काढण्यासाठी, टायर बदलण्यासाठी किंवा बेअरिंग आणि ब्रेक तपासण्यासाठी जड प्रवासी दुचाकीचे चाक जमिनीवरून सुटेल अशी ती आधारावर घेणे. होंडा गोल्डविंग, बीएमडब्ल्यू के १६०० जीटीएल, हार्ली-डेव्हिडसनच्या टूरिंग गाड्या अशा दुचाकींचे वजन साधारण ३५० ते ४०० किलोग्रॅमच्या आसपास असते. उचलायला मात्र फारशी ताकद लागत नाही. ते काम स्टँडची तरफ किंवा जॅक करतो. खरी कसोटी उचललेली गाडी तासभर तशीच उभी ठेवण्याची. चाक निघाले की तोल बदलतो, आणि घट्ट नटाला पान्याने दिलेला हिसका सगळा गाडीला बसतो.

म्हणून जाणकार मेकॅनिक ॲक्सलचा नट दोन्ही चाके जमिनीवर असतानाच सैल करून ठेवतो. नुसता ताण मोडायचा, नट काढायचा नाही. गाडी अधांतरी असताना लांब दांड्याच्या पान्यावर अंगाचा भार टाकणे हे घरगुती अपघातांचे हमखास निमंत्रण आहे.

डबल स्टँड असेल तर अर्धे काम झाले. गाडी हातांनी वर ओढायची नसते. एक हात हँडलवर, दुसरा मागच्या पकडीवर ठेवून स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला टेकले आहेत याची आधी खात्री करायची आणि मग स्टँडच्या दांडीवर एका पायाने सगळे वजन द्यायचे. गाडी आपणहून मागे सरकत वर चढते. एकच पाय टेकलेला असताना जोर दिला तर ती दुसऱ्या बाजूला कलंडते. मागचे चाक आधी दीड-दोन सेंटीमीटर जाडीच्या फळीवर चढवून घेतले तर चढण तेवढी कमी होते. ही युक्ती फुकटची आहे आणि कंबर वाचवते. जमीन सपाट व टणक हवी. मऊ डांबरात किंवा मातीत स्टँडचे पाय रुततात, तिथे खाली प्लायवूड लागते.

डबल स्टँडचा एक स्वभाव लक्षात ठेवावा लागतो : गाडी पुढे ढकलली गेली की तो मिटतो. पुढचे चाक जमिनीवर असेल तर त्याला पुढून-मागून पाचर लावतात, ब्रेकची मूठ पट्ट्याने आवळतात आणि स्टँड मागे दुमडू नये म्हणून त्याला पट्ट्याने चेसिसच्या पुढच्या भागाशी जखडतात. बहुतेक गाड्यांचा गुरुत्वमध्य स्टँडच्या पुढे पडतो, म्हणून मागचे चाक काढल्यावर गाडी पुढच्या चाकावर आणखी घट्ट बसते. पुढचे चाक काढताना उलटे होते : पुढचा आधारच जातो. तेव्हा इंजिनच्या पुढच्या बाजूला चेसिसखाली जॅक हवाच. मागच्या पेट्या आणि टॉप बॉक्स आधीच उतरवलेले बरे. भरलेल्या पेट्या तोलाचे गणित बिघडवतात.

हार्लीच्या टूरिंग गाड्यांना डबल स्टँड नसतो. त्या चेसिसच्या दोन समांतर नळ्यांखाली रुंद जॅक घालून उचलतात. जॅकचा पाट ऑइल पॅन (खालचे तेलाचे भांडे), ऑइल फिल्टर किंवा सायलेन्सरच्या नळीला लागता कामा नये. ॲल्युमिनियमचे ओतीव ऑइल पॅन एका ठिकाणी आलेल्या भाराने तडकते. हायड्रॉलिक जॅक हळूहळू खाली बसू शकतो, म्हणून त्याची कुलूपपट्टी अडकवावी किंवा लाकडी ठोकळे रचावेत. गाडी दोन्ही बाजूंनी पट्ट्यांनी ताणून धरली की एका बाजूचा धक्का दुसरी बाजू पेलते.

चिमट्याला, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या स्विंगआर्मला, लावायचे पॅडॉक स्टँड (तरफेने चाक उचलणारे सुटे स्टँड) हलक्या गाड्यांना सोयीचे; जड गाडीला ते लावताना दुसरा माणूस हवा. चाक एकाच बाजूने धरणारा एकबाजू चिमटा असलेल्या गाडीला त्यासाठी वेगळा, पोकळ ॲक्सलमध्ये खिळा घालणारा स्टँड लागतो. पुढे-मागे दोन्ही स्टँड लावायचे असतील तर आधी मागचा, उतरवताना आधी पुढचा.

चाक सुटल्यावर अनपेक्षित अडचण उंचीची येते. स्टँडवर मागचे चाक जमिनीपासून दोनच बोटे वर राहते आणि ते मडगार्डखालून निघत नाही. तेव्हा स्टँडच्या पायांखाली फळी हवी, तीही गाडी उचलण्याआधी घातलेली. परत बसवताना चाकाखाली पातळ पाचर सरकवून ॲक्सलची भोके जुळवतात. भोके जुळली की ॲक्सल हाताने सरकतो. हातोडा घ्यावासा वाटला तर चाक वर किंवा खाली चुकले आहे.

ब्रेकचे कॅलिपर (डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणारी पकड) ब्रेक ऑइलच्या नळीवर लोंबकळू देत नाहीत, तारेने टांगतात. आणि ते डिस्कवरून निघालेले असताना ब्रेकची मूठ दाबत नाहीत, नाहीतर पिस्टन बाहेर येतात. पुढचा ॲक्सल बसवल्यावर त्याचे चिमटबोल्ट (ॲक्सलला फोर्कमध्ये पकडून धरणारे पिंच बोल्ट) आवळण्याआधी, चाके जमिनीवर टेकवून फोर्क दोन-चारदा दाबावे लागतात, म्हणजे फोर्कचे दोन्ही पाय आपापल्या जागी बसतात. नट टॉर्क रेंचने (ठरावीक जोरापर्यंतच आवळणाऱ्या पान्याने), गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याला आवळतात. गाडी हलवण्यापूर्वी ब्रेकची मूठ आणि पायपट्टी टणक लागेपर्यंत दाबत राहावी लागते. पॅड मागे सरकलेले असल्याने पहिल्या एक-दोन दाबांना ब्रेक लागतच नाही.