राग ओकून टाकला की बीपी उतरतं?

“एकदाचं बोलून टाक, मोकळी हो, नाहीतर बीपी वाढेल.” माझ्या मावशीला हे सगळेच सांगतात. राग कुकरच्या वाफेसारखा साठतो आणि शिट्टी झाली की दाब उतरतो, असं आपण धरूनच चालतो. वैद्यकातही हा विचार जुना आहे. दाबलेल्या रागाचा उच्च रक्तदाबाशी संबंध असावा, असं मनोविश्लेषक फ्रांझ अलेक्झांडर यांनी 1939 मध्येच मांडलं होतं.

पण शरीर म्हणजे कुकर नव्हे. राग आला की ॲड्रेनालिन आणि नॉरॲड्रेनालिन ही संप्रेरकं रक्तात उतरतात, हृदय धडधडतं, रक्तवाहिन्या आक्रसतात, दाब चढतो. आरडाओरडा केला तर हेच सगळं बहुतेक वेळा आणखी लांबतं.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी 2002 मध्ये सहाशे विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग मला फार बोलका वाटतो. विद्यार्थ्यांच्या निबंधांवर मुद्दाम झोंबणारे शेरे मारले. मग काहींना शेरे मारणाऱ्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणून पंचिंग बॅगवर ठोसे मारायला लावले. राग सर्वांत जास्त उरला तो यांच्यातच. नुसते शांत बसलेले लवकर निवळले.

म्हणजे राग गिळावा का? तसंही नाही. तोंड मिटून तोच प्रसंग मनात घोळवत राहणं शरीराला सोसत नाही. 2024 च्या एका अभ्यासात 280 निरोगी माणसांपैकी काहींना संताप आणणारा प्रसंग आठ मिनिटं आठवायला सांगितलं. ज्याच्यावर राग होता तो माणूस समोर नव्हता, तरी त्यांच्या रक्तवाहिन्यांची सैलावण्याची क्षमता घटली आणि 40 मिनिटांपर्यंत घटलेलीच राहिली. एवढ्याने कोणाला कायमचं बीपी जडत नाही, पण रोज रात्री तीच उजळणी करणाऱ्यांची मला काळजी वाटते.

राग कोणावर काढतो, यानेही फरक पडतो. 1960 च्या दशकात मानसशास्त्रज्ञ जॅक होकान्सन यांना प्रयोगांत दिसलं, की बरोबरीच्या माणसावर उलटवार करता आला तर दाब लवकर उतरतो, पण समोरचा वरच्या पदावरचा असेल तर तसा उतरत नाही.

मावशी फोनवर भांडून तशीच बीपी मोजायचा पट्टा दंडाला बांधते आणि मोजतानाही बोलत राहते. मावशी, पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बस, मग मोज. आणि भांडणानंतरचा आकडा बघून गोळी वाढवू नकोस, ते डॉक्टरांना ठरवू दे.