गावाबाहेर जाणारी तार आणि लिनक्समधला ड्रायव्हर

यवतमाळ, वाशीम, गडचिरोलीकडच्या एखाद्या सेवा केंद्रात किंवा गावच्या वाचनालयात जुन्या संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स ही मुक्त प्रणाली टाकायची गोष्ट निघाली, की पहिला प्रश्न एकच येतो: नेट चालेल का? विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला. तेव्हापासून असे कितीतरी संगणक लिनक्सवर आले. त्यांच्या मालकांची तक्रारही ठरलेली असते. "डोंगल लावला त सीडीच दिसते ना भाऊ, नेट काही लागत नाही." पीक विम्याची शेवटची तारीख तोंडावर असेल, बाहेर शेतकऱ्यांची रांग असेल, तर ही तक्रार ऐकणाऱ्याचाही जीव टांगणीला लागतो. डोंगल, म्हणजे यूएसबीला लावायचा मोबाइल नेटचा मोडेम, सीडी का दाखवतो, आणि तोच डोंगल दुसऱ्या एखाद्या लिनक्सवर लावताक्षणी का चालतो, हे समजून घ्यायचं तर डोंगलच्या आधीच्या काळात जावं लागतं.

संगणकाचं साधं नेटवर्क कार्ड इमारतीच्या आतल्या जोडणीसाठी असतं. तार गावाबाहेर, टेलिफोन खात्याच्या केंद्राकडे निघाली की मामला बदलतो. तिथे लीज लाइन, म्हणजे भाड्याने घेतलेली कायमची तार असते, तिच्या टोकाला मोडेम आणि मोडेमला व्ही.३५ नावाचा जाडजूड जोड. या तारेवर माहिती ठरलेल्या घड्याळाच्या तालावर, अखंड वाहत असते. ती समजून घेणारं कार्ड म्हणजे वाइड एरिया नेटवर्क कार्ड, बोलीत 'वॅन कार्ड'. लाइन ६४ केबीपीएसची असे. मोठी लाइन म्हणजे ई१, तिच्यात ६४ केबीपीएसचे ३२ कप्पे, एकूण २.०४८ एमबीपीएस. अमेरिकेत टी१, ती १.५४४ एमबीपीएसची. आपल्याकडे ई१ चालते, त्यामुळे फक्त टी१ जाणणारं कार्ड इथे निरुपयोगी ठरायचं.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस निकनेट या सरकारी संगणकांच्या जाळ्याने उपग्रहाच्या मार्गाने जिल्ह्यांची मुख्यालयं जोडायला सुरुवात केली. नंतर दूरसंचार खात्याचं आय-नेट हे एक्स.२५ या माहिती पाठवायच्या जुन्या पद्धतीचं जाळं आलं. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, पण ते महानगरांपासून. विदर्भातल्या तालुक्याला तेव्हा एसटीडी बूथ हेच बाहेरचं जग होतं.

नव्वदच्या दशकात लीज लाइन घेतली की तिच्या टोकाला नामांकित कंपनीचा राउटर, म्हणजे एका जाळ्यातली माहिती दुसऱ्यात पोचवणारं यंत्र, लावायची रीत होती, आणि त्याची किंमत लहान संस्थेच्या आवाक्यात नसे. साध्या पीसीत वॅन कार्ड घालून त्यावर फ्रीबीएसडी (बीएसडी कुळातली मुक्त प्रणाली) किंवा लिनक्स चालवलं, तर तोच पीसी राउटर होतो, हा उपाय पुढे आला. कार्ड विकत मिळे. अडचण ड्रायव्हरची, म्हणजे ते कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामची होती.

ते ड्रायव्हर कोणी लिहिले, हा या इतिहासातला मला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. मॉस्कोच्या क्रॉनिक्स कंपनीत सर्गेई वाकुलेंको यांनी १९९४ मध्ये सिंक्रोनस पीपीपीचा, म्हणजे तालबद्ध तारेवर इंटरनेटची पाकिटं वाहून नेणारा, मूळ कोड लिहिला. तो बीएसडीत गेला आणि ॲलन कॉक्स यांनी लिनक्समध्ये आणला. दक्षिण आफ्रिकेत जॉन हे यांनी १९९५ च्या सुमारास फ्रीबीएसडीसाठी 'एआर' आणि 'एसआर' हे दोन ड्रायव्हर लिहिले. पोलंडचे क्शिश्तोफ हावासा यांनी लिनक्समध्ये एचडीएलसीचा, म्हणजे अशा तारेवरची माहिती चौकटींत बांधायच्या पद्धतीचा, सामाईक थर उभारला. त्यामुळे पीपीपी, फ्रेम रिले, सिस्को एचडीएलसी, एक्स.२५ या साऱ्या बोली एकाच जागी आल्या आणि प्रत्येक कार्डाच्या ड्रायव्हरला त्या नव्याने शिकाव्या लागेनात. मॉस्को, दक्षिण आफ्रिका, पोलंड. इंटरनेटच्या तेव्हाच्या मध्यापासून ही सारी ठिकाणं लांबची. जिथे तार उशिरा पोचते आणि महागात पडते, तिथल्याच माणसांना तिची किंमत आधी कळते, असं मी यातून समजतो.

या लोकांना हे जमलं त्यामागे एक साधं कारण होतं. त्या काळच्या बऱ्याच कार्डांवर हिताचीची एचडी६४५७० ही चिप असे. तिचं सविस्तर तांत्रिक पुस्तक उपलब्ध होतं, चिपच्या कोणत्या रजिस्टरमध्ये (कप्प्यात) काय लिहिलं की काय होतं ते त्यात स्पष्ट दिलेलं होतं. म्हणूनच रिसकॉम एन२, आर्नेट, मोक्सा सी१०१ ही वेगवेगळ्या कंपन्यांची कार्डं जवळपास एकाच समजुतीवर चालवता आली.

सगळ्याच कार्डांचं असं नव्हतं. कॅनडाच्या सँगोमा कंपनीने लिनक्ससाठी स्वतः वॅनपाइप नावाचा ड्रायव्हर दिला आणि तो वापरणाऱ्यांना आवडलाही. त्यांच्या जुन्या कार्डांवर स्वतःचा प्रोसेसर होता. ड्रायव्हर सुरुवातीला त्यात फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आत चालणारा प्रोग्राम, भरे आणि प्रोटोकॉलचं खरं काम ते फर्मवेअर करी. ड्रायव्हरचा कोड उघडा, पण फर्मवेअरचा बंद. हा भेद तेव्हा फारसा कोणी मनावर घेतला नसेल, पण आजच्या प्रत्येक मोडेममध्ये तोच बसलेला आहे.

दुसरा भेद घराचा. लिनक्स कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, आतली रचना सतत बदलते. ड्रायव्हर कर्नलच्या मूळ कोडमध्ये असेल, तर बदल करणाराच त्यालाही दुरुस्त करतो. बाहेर असेल, तर तो ज्याचा त्याने सांभाळायचा. सँगोमाने पुढे आपलं काम कर्नलबाहेर चालू ठेवलं, कर्नलमधला 'वॅनराउटर' मागे पडला आणि २०१३ मध्ये काढून टाकला गेला. हावासांचे ड्रायव्हर मात्र कार्डं बाजारातून गेल्यावरही बराच काळ कर्नलमध्ये राहिले.

मधल्या काळात, डायल-अपच्या वेळी, तालुक्याच्या दुकानात जुळवलेल्या पीसींत 'विनमोडेम' येऊ लागले. मोडेमचं निम्मं काम संगणकाच्या प्रोसेसरवर टाकून कार्ड स्वस्त केलेलं, आणि ते काम करणारं सॉफ्टवेअर फक्त विंडोजसाठी. चिपची माहितीही बंद. लिनक्सवाल्यांचे फार हाल झाले.

मग डोंगल आले. बीएसएनएलने २००९ मध्ये थ्रीजी सुरू केलं, खासगी कंपन्यांची डेटा कार्डंही आली, आणि जिथे लँडलाइन कधी पोचली नव्हती तिथे यूएसबीमधून नेट आलं. कळंब, घाटंजी, धारणी, एटापल्ली अशा भागांत पहिलं इंटरनेट डोंगलवर पाहिलेली मंडळी भरपूर सापडतील. वॅन कार्डाचाच हा वारस, फक्त तारेऐवजी टॉवर.

सीडीचा उलगडा इथे होतो. डोंगल विकणाऱ्याला ड्रायव्हरची वेगळी सीडी द्यायची नसे. म्हणून डोंगल लावताच तो आधी सीडी ड्राइव्ह असल्याचं सांगतो, त्यातून विंडोजचा ड्रायव्हर बसतो आणि मग तो ड्रायव्हर डोंगलला 'आता मोडेम हो' असा इशारा देतो. लिनक्सला हा इशारा माहीत नव्हता. जर्मनीचे योझुआ डीट्से यांनी असे इशारे शोधून 'यूएसबी मोडस्विच' हा छोटा प्रोग्राम लिहिला. प्रत्येक डोंगलचा इशारा वेगळा, त्यामुळे देशोदेशीच्या वापरणाऱ्यांनी आपापल्या डोंगलची माहिती पाठवली आणि तिची यादी वाढत गेली. हुवावेच्या कित्येक डोंगलांचा यूएसबीवरचा ओळख-क्रमांक सीडीच्या अवस्थेत १२डी१:१४४६ दिसतो. इशारा गेला की क्रमांक बदलतो आणि मोडेम उघडा पडतो. ज्या लिनक्समध्ये हा प्रोग्राम आधीच बसवलेला असतो, तिथे हे सारं आपोआप होतं. नसेल तर नुसती सीडीच दिसत राहते. नेट नाही म्हणून प्रोग्राम उतरवता येत नाही आणि प्रोग्राम नाही म्हणून नेट नाही, या कोंडीत आपल्याकडचे किती संगणक पडून राहिले असतील! एका पेन ड्राइव्हवर त्याचं पॅकेज आणून दिलं की तो संगणक चालायला लागतो.

मोडेम उघडा पडल्यावर त्याच्याशी बोलायला कर्नलमध्ये 'ऑप्शन' नावाचा ड्रायव्हर असतो. माथियास उर्लिख्स यांनी तो २००५ मध्ये ऑप्शन या बेल्जियन कंपनीच्या थ्रीजी कार्डासाठी लिहिला आणि नंतर त्यात असंख्य कंपन्यांचे क्रमांक जोडले गेले. जोडणी जुन्या डायल-अपच्याच धाटणीची: *९९# डायल करायचं आणि पीपीपीवर बोलायचं. वेग वाढला तशी ही पद्धत अपुरी पडू लागली. क्वालकॉमच्या मोडेमची क्यूएमआय ही बोली वेगवान होती, पण उघडी नव्हती. नॉर्वेच्या ब्यॉर्न मॉर्क यांचा 'क्यूएमआय-डब्ल्यूवॅन' ड्रायव्हर २०१२ मध्ये कर्नल ३.४ मध्ये आला आणि फोरजीचे डोंगल लिनक्सवर पूर्ण वेगाने चालू लागले. ओपनडब्ल्यूआरटीसारख्या मुक्त प्रणालीवरच्या लहान राउटरलाही हेच ड्रायव्हर मिळाले. भारनियमनाच्या गावात बॅटरीवरचा राउटर आणि त्याला डोंगल, ही जोडणी फार उपयोगी पडली.

तारेची बाजूही थांबली नव्हती. मार्च २००५ मध्ये मंजूर झालेल्या स्टेट वाइड एरिया नेटवर्क योजनेत राज्याच्या मुख्यालयापासून तालुक्यापर्यंत किमान २ एमबीपीएसची लाइन ठरली होती, म्हणजे एक ई१. तालुक्यापुढे गाव बाकी होतं. त्यासाठी ऑक्टोबर २०११ मध्ये ऑप्टिकल फायबरची योजना मंजूर झाली. तीच पुढे भारतनेट. ग्रामपंचायतीत भिंतीवर लावलेल्या ओएनटी डब्यातून (जिथे फायबर संपतं) आता सरळ इथरनेटची तार निघते, संगणकाचं साधं नेटवर्क कार्ड तेवढं पुरतं. वॅन कार्डाची गरज इथे संपली, अर्थात फायबर धड असेल तेव्हा. रस्त्याच्या कामात केबल तुटली की गाव पुन्हा डोंगलवर येतं.

मोडेमच्या खोक्यावर 'लिनक्सला चालतो' लिहिलेलं असतं, पण पाहायचं ते हे की ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे की कंपनीच्या संकेतस्थळावरच्या एखाद्या झिप फाइलमध्ये. झिपमधला बहुधा एका जुन्या कर्नलपुरता असतो, पुढच्या अपडेटला तो मोडतो, आणि दुरुस्त करणारा माणूस नागपूरहून येईपर्यंत केंद्र बंद. २०२१ मध्ये कर्नल ५.१३ मध्ये अशा मोडेमसाठी स्वतंत्र 'डब्ल्यूवॅन' विभाग आला. त्यानंतर इंटेलच्या मोडेमचा ड्रायव्हर इंटेलच्याच अभियंत्यांनी कर्नलमध्ये दिला, मीडियाटेकच्या मोडेमचाही आला. एकेकट्या माणसांनी वीस वर्षं ओढलेलं काम आता चिप बनवणारे स्वतः उचलू लागले आहेत. फर्मवेअर अजून बंदच आहे.

थ्रीजी डोंगलांचं दुखणं वेगळं. त्यांचे ड्रायव्हर कर्नलमध्ये आहेत, मोडस्विचच्या यादीत क्रमांक आहेत, पण ठिकठिकाणी कंपन्यांनी थ्रीजी बंद केलं. सीडीएमए या जुन्या मोबाइल पद्धतीचे तर सगळेच बाद झाले. जुना डोंगल हाती आला, तर आधी त्या टॉवरवर कोणती सेवा उरली आहे ते विचारा, मग लिनक्सला हात लावा.