अनुदानाच्या अर्जातले रकाने कुठून आले?

शहर पातळीवरच्या कला-अनुदानाचा अर्ज भरताना कारागीर बहुतेक वेळा एकाच रकान्यात अडतो : ‘अर्जदाराचा स्वतःचा वाटा’. हा रकाना मुळात एकट्या माणसासाठी आखलेलाच नव्हता.

जानेवारी 1940 मध्ये, युद्ध चालू असताना, ब्रिटनमध्ये पिल्ग्रिम ट्रस्ट या खाजगी धर्मादाय संस्थेने कलांसाठी 25,000 पौंड दिले आणि सरकारने तेवढीच भर घालायचं कबूल केलं. त्यासाठी नेमलेल्या समितीतूनच 1946 साली आर्ट्स कौन्सिल उभी राहिली. पैसा सरकारचा, निवड मात्र मंत्र्याची नव्हे तर स्वतंत्र मंडळाची, ही घडी समितीचे अध्यक्ष, अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांच्या काळात बसली. परीक्षक मंडळ ही त्यातलीच देणगी. अमेरिकेत 1965 च्या कायद्याने राष्ट्रीय कला-निधी सुरू झाला, तेव्हा संस्थांना साधारणपणे खर्चाच्या निम्म्यापर्यंतच मदत मिळे. उरलेले निम्मे, म्हणजेच ‘स्वतःचा वाटा’, संस्था तिकिटं, वर्गणी, देणग्या यांतून उभे करी.

विणकराकडे यातलं काहीच नसतं. म्हणून अनेक योजनांनी श्रम, जागा, अवजारं वाट्यात धरायला मुभा दिली. पण अर्जात सूत आणि रंग एवढंच लिहिलं जातं. ताणा (मागावरचे उभे धागे) लावायला गेलेले दोन दिवस, मागावरचे तास कुठेच येत नाहीत. मग अंदाजपत्रक बारीक दिसतं आणि स्ववाटा शून्य. समजा 120 तासांचं काम आहे आणि त्यातले 40 तास तुम्ही वाटा म्हणून देताय. तर खर्चाच्या बाजूला पूर्ण 120 तास दाखवायचे, जमेच्या बाजूला 40, दोन्हीकडे दर एकच. दर वेगळा पडला की हिशेब जुळत नाही आणि छाननीतच अर्ज बाजूला पडतो.

शहरांनी स्वतःचा पैसा घातला तो पुढे, आणि पैसा जिथून आला तशा अटी आल्या. ब्रिटनच्या 1948 च्या कायद्याने नगरपालिकांना स्थानिक करातून, मालमत्तेच्या करमूल्यातल्या दर पौंडामागे सहा पेन्सपर्यंत, करमणुकीवर खर्च करायची परवानगी दिली. करदात्याचा पैसा म्हटल्यावर रहिवासाचा पुरावा ओघानेच येतो. सॅन फ्रान्सिस्कोने 1961 पासून हॉटेल-कराचा भाग कलांकडे वळवला. पाहुण्यांवरच्या करातून पैसा येतो, तिथे ‘किती प्रेक्षक आले’ हा प्रश्न टळत नाही. शिवाय 2020 मध्ये प्रवासी थांबले तसा हा झराही आटला. फिलाडेल्फियाने 1959 मध्ये बांधकाम खर्चाचा 1 टक्का कलाकृतीसाठी राखून ठेवायची पद्धत आणली. तिचा फायदा धातूकाम, मोझेक, दगडकाम करणाऱ्यांना. उन्हापावसात टिकणार नाही ते काम सहसा त्यातून मिळत नाही.

सगळ्यात खोल भेग कला आणि कारागिरी यांच्यातली. भारतात अखिल भारतीय हस्तकला मंडळ 1952 चं, ललित कला अकादमी 1954 ची. एकाचा भर, 2020 मध्ये ते बरखास्त होईपर्यंत, उत्पादन आणि विक्रीवर, दुसरीचा प्रदर्शनावर. अशी फारकत इतरत्रही दिसते : ब्रिटनमध्ये हस्तकलांसाठी वेगळी सल्लागार समिती 1971 साली नेमली गेली. परिणाम असा की कलेच्या टेबलावर कारागिराला विचारतात, ‘यात नवं काय?’ आणि उद्योगाच्या टेबलावर, ‘उलाढाल किती?’ पिढीजात नक्षी हुबेहूब उतरवणं हेच ज्याचं कसब, त्याचे दोन्हीकडे गुण जातात.

अमेरिकेने 1982 पासून पारंपरिक कलाकारांसाठी राष्ट्रीय सन्मानवृत्ती देणं सुरू केलं. 1995 नंतर तिथे व्यक्तींना थेट अनुदान देणं जवळपास बंद झालं, तरी ती टिकली. त्याच वळणावरचा दुसरा प्रकार म्हणजे उस्ताद आणि शिकाऊ यांनी मिळून करायचा अर्ज. त्यात मुख्य खर्च शिकवण्याच्या तासांचा असतो, साहित्य थोडंच लागतं. त्यामुळे पावत्यांची फाइल पातळ राहते, आणि शेवटचा हप्ता सुटण्यासाठी दोघांच्या सह्यांचं हजेरीपत्रक व अधल्यामधल्या कामाचे तारीखवार फोटो पुरतात. ते पहिल्या दिवसापासून ठेवावे लागतात. वर्षअखेरीस एका बैठकीत भरलेलं हजेरीपत्रक तपासणाऱ्याला शाईवरूनच कळतं.