इराणी पिक्चरला अरबी पिक्चर म्हणू नका, दोघांवरही अन्याय होतो

पुण्यात फिल्म फेस्टिवलच्या लायनीत उभं राहिलं की हमखास कुणीतरी म्हणतं, "अगं तो बहीण-भावाच्या बुटांचा अरबी पिक्चर बघितलास का, काय रडले मी!" आणि मला राहवत नाही, मी वळून सांगते की अहो तो माजिद माजिदींचा, म्हणजे इराणचा, फारसी भाषेतला. त्यावर उत्तर ठरलेलं असतं, "तेच ते, तिकडचंच." तर ते तेच ते नाहीये, आणि हे जरा नीट सांगावं असं कधीपासून मनात होतं, कारण दोन्हीकडचे सिनेमे मला खूप जवळचे आहेत आणि एकाच पोत्यात भरले की दोन्हीतलं जे खास आहे तेच हातातून निसटतं.

आधी भाषेचं बघू, गोंधळ तिथूनच सुरू होतो. पडद्यावर नावं उजवीकडून डावीकडे येतात, लिपी सारखी दिसते, मग आपण समजतो एकच. पण फारसीने अरबी लिपी उचलली आणि त्यात चार अक्षरं स्वतःची घातली, कारण प, च, ग वगैरे आवाज तिला लागत होते आणि लिखित अरबीत ते नव्हतेच. भाषा म्हणून बघाल तर फारसी आपल्याच मोठ्या कुळातली, दहाला दह म्हणतात, पाचाला पंज, आणि बाजार, शहर हे शब्द तर आपल्याकडे तिकडूनच आलेत. अरबी मात्र हिब्रूच्या घरातली, तिथे मोजायला लागलात की वाहिद, इत्नेन, तलाता. अरब लीगमध्ये 22 देश आहेत आणि इराण त्यात नाही. एखाद्या इराणी माणसाला 'तुम्ही अरब ना' असं म्हणून तर बघा, चेहऱ्यावरच उत्तर मिळेल.

आता सिनेमा. अरबी सिनेमा म्हटलं की आधी कैरो, म्हणजे इजिप्त. तलअत हर्ब नावाच्या उद्योगपतीने बँक मिस्र काढली, देशाचा पैसा देशातल्या उद्योगात लागावा म्हणून, आणि त्याच बँकेच्या पैशातून 1935 साली स्टुडिओ मिस्र उभा राहिला, म्हणजे ब्रिटिशांचं वजन अजून डोक्यावर असताना या माणसाला सूतगिरणीइतकाच सिनेमाही देशाचा उद्योग वाटला हे मला फार भारी वाटतं. पुढच्याच वर्षी स्टुडिओचा पहिला मोठा सिनेमा आला त्यात नायिका होती उम्म कुलसूम, जिचं गाणं रेडिओवर लागलं की अख्खा अरब मुलूख कान लावून बसायचा. तिथून गाणी, नाच, मेलोड्रामा, श्रीमंत पाशाची मुलगी आणि गरीब हिरो असा सगळा मसाला सुरू झाला, आपल्याला ओळखीचाच वाटेल. आणि हे पिक्चर मोरोक्कोपासून इराकपर्यंत गेले. त्याचा परिणाम बघा, अरबी बोलणाऱ्यांच्या बोली एकमेकींपासून इतक्या लांबच्या आहेत की मोरोक्कोतल्या माणसाचं बोलणं इराकमधल्याला पटकन कळत नाही, पण कैरोची बोली सगळ्यांना कळते, कारण घरोघरी पिक्चर आणि नंतर रमजानमधल्या सिरियली बघून ती कानात बसलीये. कैरोवाले ज चा उच्चार ग करतात, जमील म्हणजे सुंदर, ते म्हणतील गमील. एवढं कानावर पडलं की समजा इजिप्तचा पिक्चर.

आणि हा नुसता करमणुकीचा मामला नव्हता. 1975 साली फातन हमामा, तिकडची सगळ्यात लाडकी नटी, एका सिनेमात नवऱ्यापासून घटस्फोट मागणारी बाई झाली, नाव होतं "उरीदु हल्लन", म्हणजे मला उपाय हवाय. ती बाई कोर्टात चपला झिजवत राहते, वर्षं जातात आणि शेवटी हरते. लोकांच्या घरातलं दुखणं लाडक्या नटीच्या तोंडून आलं की ते टाळता येत नाही. 1979 मध्ये इजिप्तने घटस्फोटाच्या कायद्यात बायकांच्या बाजूने बदल केले, आणि त्या बदलाचा विषय निघाला की या सिनेमाचं नाव आजही निघतं.

पण अरबी सिनेमा म्हणजे सगळा इजिप्त असंही नाही बरं का. अल्जीरियाच्या मोहम्मद लखदर-हमीना यांना त्याच 1975 साली फ्रान्समधल्या कान फिल्म फेस्टिवलचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, स्वातंत्र्यलढ्यावरच्या सिनेमासाठी. लेबनॉनच्या नादीन लबाकी, पॅलेस्टाईनचे एलिया सुलेमान, प्रत्येकाची चूल वेगळी आहे. आणि दुसऱ्या टोकाला सौदी अरेबिया, जिथे साधारण 1980 च्या सुमारास थिएटरं बंद झाली ती तब्बल 35 वर्षं. आमचे मामा दम्मामला होते, ते सांगायचे की तिथले सहकारी गुरुवारी संध्याकाळी बायकापोरांना गाडीत घालून समुद्रावरच्या 25 किलोमीटरच्या पुलावरून बहारीनला जायचे, कशासाठी तर थिएटरात बसून एक पिक्चर बघायला, आणि परत येताना पुलावर गाड्यांची ही मोठी रांग. अशा देशात हैफा अल-मन्सूर या बाईंनी रियाधच्या रस्त्यांवर सिनेमा शूट केला, सायकल हवी असणाऱ्या एका शाळकरी मुलीचा, 2012 सालचा "वज्दा". परक्या पुरुषांबरोबर रस्त्यात उभं राहून काम करता येत नव्हतं म्हणून कित्येकदा त्या व्हॅनमध्ये बसून मॉनिटरवर बघायच्या आणि वॉकीटॉकीवरून कलाकारांना सांगायच्या. 2018 च्या एप्रिलमध्ये रियाधला बंदीनंतरचं पहिलं थिएटर उघडलं.

इराणची गोष्ट वेगळ्याच वाटेने गेली आणि तिची सुरुवात चक्क मुंबईत आहे. आलम आरा काढणारे अर्देशीर इराणी, जन्म पुण्याचा, त्यांच्याच इंपिरियल कंपनीत 1933 साली पहिला फारसी बोलपट तयार झाला, "दोख्तर-ए-लोर", अब्दुलहुसेन सेपन्ता यांच्यासोबत. त्यात काम करणाऱ्या रूहंगीझला पुढे इराणमध्ये लोकांनी इतका त्रास दिला की तिने सिनेमाच सोडला. बाई पडद्यावर दिसावी का, कशी दिसावी, हा प्रश्न तिथे पहिल्या बोलपटापासून आहे.

मग 1978, आबादान शहरातल्या रेक्स थिएटरला कुणीतरी आग लावली, दारं बंद होती, शेकडो माणसं आत जळाली. इराणच्या राजाला, म्हणजे शहाला, हटवणाऱ्या क्रांतीच्या त्या काळात किती थिएटरं जाळली गेली, सिनेमा म्हणजे शहाची आणि पश्चिमेची घाण असं मानणारे खूप होते. पण क्रांतीचे नेते खोमेनी यांनी परदेशातून परत आल्यावर पहिल्याच मोठ्या भाषणात सांगितलं की आमचा विरोध सिनेमाला नाही, त्याच्या गैरवापराला आहे. म्हणजे सौदीत थिएटरं बंदच झाली, इराणमध्ये सिनेमा चालू राहिला पण सरकारच्या नियमात. इथे मला खरा फरक दिसतो. इजिप्तचा सिनेमा बाजाराने वाढवला, त्याला सगळ्यांना कळेल असं मोठ्याने बोलावं लागलं. इराणच्या सिनेमाला हळू आवाजात, आडून बोलायला शिकावं लागलं, आणि आडून बोलायची सवय फारसी कवितेला शेकडो वर्षांची होतीच. मुलांच्या गोष्टी तिथे इतक्या का, तर क्रांतीच्या आधीपासून मुलांसाठी काम करणारी कानून नावाची संस्था होती, दिग्दर्शक अब्बास किआरोस्तामी तिथेच घडले, आणि शिवाय मुलांच्या गोष्टीत बायका-पुरुषांच्या स्पर्शाचे नियम फारसे आड येत नाहीत.

ते नियम किती खोल जातात बघायचे असतील तर असगर फरहादींच्या "अ सेपरेशन" मधला एक प्रसंग बघा. घरात म्हाताऱ्या आजारी माणसाला सांभाळायला आलेली बाई, त्याचे कपडे ओले झालेत, बदलायला हवेत, पण परक्या पुरुषाला हात लावणं पाप होईल का म्हणून ती फोन करून धर्माचं जाणणाऱ्या माणसाला विचारते. आणि बाजूला उभी तिची छोटी मुलगी म्हणते, मी बाबांना सांगणार नाही. कुणी भाषण करत नाही, कुणावर दोष ठेवत नाही, आपल्यालाच घशात काहीतरी अडकल्यासारखं होतं.

आणि सरकारशी भांडण तर कायमच. दिग्दर्शक जफर पनाहींवर 2010 मध्ये 20 वर्षं सिनेमा करायची बंदी आली, तर त्यांनी घरातल्या घरात शूट करून पेनड्राईव्ह केकमध्ये लपवून कानला पाठवला, पुढे स्वतः टॅक्सी चालवत डॅशबोर्डवर कॅमेरा लावून सिनेमा केला, आणि 2025 मध्ये कानचा सर्वोच्च पुरस्कार घेतला. अरब देशांतही सेन्सॉर कडक आहेच, पण तिथे एका देशाने अडवलं तर दुसरा देश, दुसरा टीव्ही चॅनेल, तीच भाषा बोलणारा लांबचा प्रेक्षक असतो. फारसीला तेवढं मोठं अंगण नाही.

1997 चं कान मला फार आवडतं, किआरोस्तामींना सर्वोच्च पुरस्कार विभागून मिळाला आणि त्याच वर्षी इजिप्तच्या युसुफ शाहीन यांना महोत्सवाच्या पन्नाशीचा खास सन्मान, आयुष्यभराच्या कामासाठी. एकाच महोत्सवात दोघं. शाहीन यांनी 1958 साली कैरोच्या रेल्वे स्टेशनवर लंगडत पेपर विकणाऱ्या माणसाचं काम स्वतः केलं होतं, तेव्हा लोकांना तो सिनेमा अजिबात आवडला नव्हता, आज तो अरबी सिनेमातला मानाचा मानतात. आणि किआरोस्तामींना पुरस्कार देताना फ्रेंच नटी काथरीन दनव यांनी गालावर पापी घेतली, तर इराणमध्ये एवढा गदारोळ झाला की किआरोस्तामींना परत जाताना विचार करावा लागला.

ओळखायचं कसं विचाराल तर यंदा फेस्टिवलला पहिली पाच मिनिटं सबटायटल वाचूच नका, नुसतं ऐका आणि घराच्या आतला सीन आला की बाईचं डोकं बघा. रात्री झोपायच्या खोलीतही, नवऱ्यासमोरही स्कार्फ असेल तर बहुतेक इराण, कारण बघणारे प्रेक्षक परके आहेत असा तिथला हिशेब आहे. मोकळे केस, ज चा ग, आणि दहा मिनिटांत कुणीतरी गायला लागलं, तर बसा निवांत, तुम्ही कैरोत आहात.