पेशी व तिची अंगके, म्हणजे तिच्यातील कामे करणारे भाग (कपाशीच्या धाग्याच्या संदर्भात)

सजीवाच्या शरीराचा जो लहानात लहान भाग जगण्याची सर्व मूलभूत कामे स्वतः करू शकतो, त्यास पेशी म्हणतात. पेशी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, असे सामान्यतः मानले जाते व बहुतेक पेशींबाबत ते खरेही आहे. परंतु यवतमाळ, वर्धा, अमरावती, अकोला या जिल्ह्यांत दसरा-दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू झाली की घराघरांत जी पांढरी रास पडते, ती पेशींचीच असते. कापसाचा प्रत्येक धागा म्हणजे सरकीच्या सालीवर वाढलेली एकच एक पेशी होय. तिची लांबी साधारणपणे अडीच ते तीन सेंटिमीटर असून ती रुंदीच्या हजारपटीहून अधिक भरते. पेशीचे कोणते अंग काय काम करते, हे समजून घेण्यासाठी विदर्भातील वाचकाला याहून जवळचे उदाहरण मिळणे कठीण आहे.

रॉबर्ट हूक यांनी १६६५ मध्ये बुचाच्या पातळ कापात जे कप्पे पाहिले, त्या मेलेल्या पेशींच्या रिकाम्या भिंती होत्या. पेशीचा कारभार चालवणाऱ्या केंद्रकाला नाव मिळाले ते १८३१ मध्ये, रॉबर्ट ब्राउन यांच्याकडून. आणि १८३८-३९ मध्ये श्लायडेन व श्वान यांनी वनस्पती व प्राणी दोन्ही पेशींचेच बनलेले असतात, हा सिद्धांत मांडला.

कपाशीचे फूल ज्या दिवशी उमलते, त्याच सुमारास आतल्या बीजांडाच्या (ज्याची पुढे सरकी होते) बाहेरील थरातील काही पेशी फुगून वर येतात. पुढील सुमारे तीन आठवडे त्या फक्त लांबीने वाढतात आणि ऐन भरात ही वाढ दिवसाला दोन मिलिमीटरपर्यंत पोहोचते. ही ताकद येते रिक्तिकेतून. रिक्तिका म्हणजे पटलाने वेढलेली, पाण्याने भरलेली पिशवी. वाढत्या धाग्यात ती जवळजवळ सगळी जागा व्यापते आणि पेशीद्रव्य भिंतीलगत पातळ थरासारखे उरते. रिक्तिकेत पोटॅशियम, शर्करा व सेंद्रिय आम्ले साठतात, त्यामुळे बाहेरचे पाणी आत ओढले जाते आणि आतून पडणाऱ्या दाबाने कोवळी भिंत ताणली जाते. बोंडे भरण्याच्या काळात पिकाला पालाश, म्हणजे पोटॅशियम, कमी पडला तर धागा आखूड राहू शकतो, त्याचे एक कारण या पिशवीत आहे.

आत काय यावे व बाहेर काय जावे, हे प्रद्रव्यपटल, म्हणजेच पेशीपटल, ठरवते. मेद व प्रथिने यांचे बनलेले हे अतिशय पातळ आवरण प्रत्येक जिवंत पेशीला असते, तर त्याबाहेरची पेशीभित्तिका वनस्पतींत असते, प्राण्यांत नसते. कपाशीच्या धाग्यात याच भित्तिकेला मोल आहे. लांबी पूर्ण होत आली की पटलातील विकरांचे (रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांचे) समूह सेल्युलोजचे तंतू विणून भिंतीच्या आतल्या बाजूला थरावर थर चढवू लागतात. पिकलेल्या कोरड्या धाग्याचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग हेच सेल्युलोज असते. रात्री थंड झाल्या की हे काम मंदावते. फरदडीच्या (हंगाम संपल्यावरही राखलेल्या पिकाच्या) किंवा शेवटच्या वेच्याच्या कापसात अनेकदा भिंत पातळ राहिलेला अपक्व धागा सापडतो व त्यावर रंग नीट चढत नाही, तो याचमुळे. धाग्यावर मेणाचाही पातळ थर असतो. कच्चा कापूस पाण्यावर तरंगतो आणि दवाखान्यातला कापूस पाणी शोषतो, कारण दुसऱ्यातील मेण काढून टाकलेले असते.

केंद्रकात आनुवंशिक माहिती वाहणारी गुणसूत्रे असतात. देशी कपाशीच्या पेशीत ती २६, तर अमेरिकन कपाशीच्या पेशीत ५२ असतात. गुणसूत्रांतील डीएनएवरून संदेश निघतो, रायबोसोम त्या संदेशाप्रमाणे प्रथिने जोडतात, आंतर्द्रव्यजालिका त्यांतील अनेकांना आकार देऊन पुढे पाठवते आणि गॉल्जी पिंड त्यांची वर्गवारी करून त्यांना योग्य जागी रवाना करतो. सेल्युलोज विणणारी विकरेही याच मार्गाने पटलापर्यंत येतात. तंतुकणिका शर्करेचे ज्वलन करून या सर्व कामांना ऊर्जा पुरवतात. निकामी घटकांचे पचन प्राणिपेशीत लयकारिका करतात. वनस्पतीत ते काम बहुतांशी रिक्तिकेकडेच असते.

शर्करा येते पानांतून, तेथील हरितलवकांनी सूर्यप्रकाशात तयार केलेली. लाल्या (पाने लाल पडण्याचा विकार) आलेल्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या झाडात, या लवकांतील हरितद्रव्य घटते आणि रिक्तिकेत तांबडे रंगद्रव्य साठते. मॅग्नेशियम हरितद्रव्याच्या रेणूचा गाभा असल्याने त्याची उणीव हे लाल्याचे एक कारण ठरते. नत्राची कमतरता व थंड रात्री ही इतर कारणे होत. लाल्याला नुसता पानांचा रोग समजणे अपुरे आहे, कारण पान थकले की बोंडातल्या पेशीला भिंत भरण्यासाठी लागणारी शर्कराही कमी मिळते.

२००२ मध्ये भारतात परवानगी मिळालेल्या बीटी कपाशीत एका जिवाणूचे जनुक केंद्रकातील डीएनएमध्ये घातलेले असते. त्यापासून झाडाच्या पेशी जे प्रथिन बनवतात, ते अळीच्या पोटात गेल्यावर आतड्याच्या पेशींच्या पटलावरील ग्राहक प्रथिनांना (ठरावीक रेणू धरून ठेवणाऱ्या प्रथिनांना) चिकटते व पटलाला भोके पाडते. गुलाबी बोंडअळीत कालांतराने अशा एका ग्राहक प्रथिनाची घडणच बदललेली आढळली, त्यामुळे बीटीच्या त्या विषारी प्रथिनाला चिकटण्याची जागा राहिली नाही. २०१७ च्या हंगामात विदर्भातील असंख्य शेतकऱ्यांची बोंडे या अळीने पोखरली. एवढ्या मोठ्या नुकसानीचे एक मूळ पटलावरील एका रेणूतील फरकात होते, हे सांगितल्याशिवाय पेशीपटलाचे महत्त्व पुरेसे कळत नाही.

फूल उमलल्यापासून साधारण दीड ते दोन महिन्यांनी बोंड फुटते. तोवर धाग्याची पेशी मरते, रिक्तिकेतील पाणी उडून जाते आणि पोकळ नळी चपटी होऊन फितीसारखी पिळली जाते. सूत कातताना धागे एकमेकांत अडकून राहतात, ते बऱ्याच अंशी या पिळांमुळे. त्याच सरकीच्या आतील गर्भाच्या पेशी मात्र जिवंत असतात. त्यांच्यात पाणी फार थोडे असल्याने तंतुकणिकांचे काम जवळपास थांबलेले असते, आणि पेरणीनंतर ओल लागताच काही तासांत ते पुन्हा सुरू होते.