तासाभराच्या भीतीची किंमत: ‘द एक्झिट ८’वरून होणाऱ्या वादांची पार्श्वभूमी

‘द एक्झिट ८’ हा जपानी गेम २९ नोव्हेंबर २०२३ रोजी स्टीम या संगणकावरचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात आला. किंमत ४७० येन, आणि पुरा व्हायला लागणारा वेळ पंधरा मिनिटांपासून फार तर तासाभरापर्यंत. कोताके क्रिएट या नावाने काम करणाऱ्या एका डेव्हलपरचा हा गेम पुढे दहा लाखांहून जास्त लोकांपर्यंत पोचला. तेव्हापासून खेळणाऱ्यांमध्ये दोन वाद चालू आहेत. एवढ्याशा गेमला पैसे मोजायचे का, हा एक. आणि याला हॉरर म्हणायचं तरी कशाच्या जोरावर, हा दुसरा. दोन्ही वादांची मुळं या गेमच्या बरीच मागे जातात. माझं मत आधीच सांगते: हा गेम लहान आहे म्हणूनच चांगला आहे, आणि त्याच्या लांबीबद्दल तक्रार करणाऱ्यांचं जिथे चुकतं ती जागा इतिहासात सापडते.

आधी गेम काय आहे ते बघू. जपानी मेट्रो स्टेशनात असतो तसा एक भुयारी रस्ता. पांढऱ्या टाइल्स, ट्यूबलाइटचा सपाट उजेड, छताला लटकलेली पिवळी पाटी. एका भिंतीवर ओळीने जाहिरातींची पोस्टरं, समोरच्या भिंतीत बंद दारं आणि हवेच्या जाळ्या. पांढरा शर्ट घातलेला, हातात ब्रीफकेस धरलेला एक मध्यमवयीन माणूस समोरून येतो आणि तुमच्याकडे न बघता निघून जातो. तुम्ही वळण घेता, तर पुन्हा तोच रस्ता, तीच पोस्टरं, तोच माणूस. नियम भिंतीवरच लिहिलेले आहेत. काही वावगं दिसलं तर ताबडतोब मागे फिरा. वावगं काही नसेल तर मागे फिरू नका. आठ नंबरच्या दारातून बाहेर पडा. अंदाज बरोबर आला की पाटीवरचा आकडा एकाने वाढतो, चुकला की पुन्हा शून्य.

वावगं म्हणजे कधी अंगावर येणारं, जसं समोरून धावत येणारा लाल पाण्याचा लोंढा, किंवा अचानक गेलेले दिवे. कधी अगदी बारीक: दाराची मूठ कडेला असायची ती मधोमध आली आहे, पोस्टरातले डोळे तुमच्या चालीबरोबर फिरत आहेत, त्या माणसाच्या तोंडावर नको तितकं हसू आहे. पण बहुतेक खेळाडूंना सगळ्यांत जास्त छळतो तो रस्ता ज्यात काहीच बदललेलं नसतं. तिथे आपण थांबतो, पोस्टरं पुन्हा वाचतो, टाइल्स बघतो, त्या माणसाच्या बुटांकडेसुद्धा बघतो. काही सापडत नाही, तरी पाय पुढे पडत नाही. रविवारच्या पुरवणीतलं ‘चित्रांतील फरक ओळखा’ लहानपणी सोडवलेल्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल, मात्र इथे तुलनेसाठी शेजारचं दुसरं चित्र नाही. ते तुमच्या आठवणीत आहे, आणि तुमचा स्वतःच्या आठवणीवर भरवसा किती, यावर सगळी भीती उभी आहे.

आता पहिला वाद, पैशांचा. जपानमधले छोटे हॉरर गेम दीर्घकाळ फुकट होते, ही गोष्ट आज सहज विसरली जाते. एकेकट्या माणसांना घरच्या संगणकावर गेम बनवता यावा म्हणून तिथे ‘आरपीजी त्सुकूरू’ नावाची साधनं निघाली, बाहेर ती ‘आरपीजी मेकर’ म्हणून माहीत आहेत. १९९६ मध्ये ‘कॉर्प्स पार्टी’ हा शाळेत अडकलेल्या मुलांचा गेम पीसी-९८ संगणकावर त्याच साधनाने बनला. २००४ मध्ये किकियामा या टोपणनावाच्या निर्मात्याने ‘युमे निक्की’ प्रसिद्ध केला. त्यात गोष्ट जवळपास नाही, संवाद नाहीत. एक मुलगी झोपते आणि स्वप्नांतून भटकत राहते, एवढंच. तो कुणीही फुकट उतरवून घेऊ शकत होतं. निळ्या राक्षसाचा ‘आओ ओनी’ याच घराण्यातला. २०१२ हे वर्ष तर फार भराचं होतं: चित्रांच्या प्रदर्शनात हरवलेल्या मुलीचा ‘इब’, जादूगारणीच्या घरात शिरणाऱ्या मुलीचा ‘द विचेस हाउस’ आणि ‘मॅड फादर’, तिन्ही त्याच एका वर्षात आले.

हे गेम लहान असायचे, कारण एका माणसाच्या हातून तेवढंच होतं. पण फुकट असल्यामुळे तासांचा हिशेब कुणी मांडत नसे. भीती वाटली का, शेवट कळला का, दुसरा शेवट सापडला का, अशाच चर्चा व्हायच्या. त्यातच डिसेंबर २००६ मध्ये ‘निको निको डोगा’ ही व्हिडिओ सेवा सुरू झाली. तिथे बघणाऱ्यांनी टाइप केलेले शेरे थेट चालत्या चित्रावरून सरकत जायचे. खेळता खेळता बोलायचं, घाबरायचं, आणि ते सगळं रेकॉर्ड करून टाकायचं ही पद्धत तिथे रुजली. ‘आओ ओनी’ घरोघरी पोचला तो बराचसा याच वाटेने. छोटा हॉरर गेम एका बैठकीत खेळून संपतो आणि बघणारे हजारो असतात, ही घडी तेव्हाच बसली.

मग हे सगळं बाजारात आलं. २०१७ मध्ये स्टीमने खेळाडूंच्या मतांवर गेम निवडणारी ‘ग्रीनलाइट’ पद्धत बंद करून ‘डायरेक्ट’ सुरू केलं आणि गेममागे १०० डॉलर भरून कुणालाही विक्री करता येऊ लागली. त्याआधी, २०१५ मध्ये, परताव्याचा नियम आला होता: खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. ग्राहकाच्या बाजूने हा नियम रास्तच आहे, कारण चालत नसलेला गेम गळ्यात पडू नये. पण तासाभरात संपणारा गेम पुरा खेळूनसुद्धा या नियमात बसतो. ‘समर ऑफ ’५८’ या छोट्या हॉरर गेमच्या निर्मात्याने २०२१ मध्ये याच कारणाने आपण अनिश्चित काळासाठी गेम बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा हा प्रश्न जगभर चर्चेत आला. दोन तासांची रेघ परताव्यासाठी ओढली होती. पाहता पाहता ती अनेकांच्या डोक्यात ‘पुऱ्या’ गेमचं माप होऊन बसली. गेम दोन तासांच्या आत संपतो, म्हणजे निर्मात्याने काहीतरी कमी दिलं, असं धरूनच बरेच रिव्ह्यू लिहिले जाऊ लागले.

जपानमध्ये या काळात ‘चिलाज आर्ट’ या दोन भावांच्या जोडीने छोट्या, स्वस्त, विकत घेण्याच्या हॉरर गेमना स्वतःचा प्रेक्षक मिळवून दिला. रात्रपाळीतलं कन्व्हिनियन्स स्टोअर, कॉफीचं दुकान, सार्वजनिक स्नानगृह अशा रोजच्या जागा, आणि जुन्या व्हिडिओ कॅसेटसारखं खरखरीत चित्र. त्यांच्या गेमबद्दलची मतं बघितली तर एक नमुना दिसतो. वातावरणाचं तोंड भरून कौतुक, आणि लगोलग ‘फार चालावं लागतं, शेवट घाईत उरकला’ ही कुरकुर. ही कुरकुर मला बऱ्याचदा पटते, कारण त्यांच्या गेममध्ये गोष्ट असते आणि गोष्टीला पुरेशी जागा लागते.

‘एक्झिट ८’ला हे माप लावून चालत नाही. त्यात गोष्ट नाही. त्याचा सगळा भार एका रस्त्याच्या फेऱ्यांवर आहे, आणि खेळणाऱ्याला तो रस्ता पाठ होईपर्यंतच ती भीती टिकते. चाळिसाव्या फेरीला मूठ कुठे असते हे हाताला कळायला लागतं. गेम पाच तासांचा केला असता तर उरलेले चार तास निव्वळ तपासणीचे झाले असते. जे दिलंय ते मात्र काटकसरीने वापरलंय: एकदा बाहेर पडल्यावरही न दिसलेले बदल शिल्लक राहतात, आणि ते शोधायला माणसं पुन्हा त्या भुयारात उतरतात.

दुसऱ्या कुणाचं खेळणं इंटरनेटवर थेट, म्हणजे स्ट्रीमवर, पाहून ‘आता विकत काय घ्यायचं’ म्हणणारेही पुष्कळ आहेत. गोष्टीच्या गेमबाबत ते ठीक आहे. पण इथे बघणाराही खेळत असतो. स्ट्रीमर पोस्टरापुढून निघून जातो आणि बघणारे ‘मागे फिर, मागे फिर’ म्हणून टाइप करत सुटतात. निको निकोवरून सरकणाऱ्या शेऱ्यांनी ज्या सवयीला जन्म दिला, तिच्यासाठी याहून नेमका गेम मला दुसरा माहीत नाही. या गेमचा प्रसार इतका झपाट्याने झाला त्याचं मोठं श्रेय मी याला देते.

दुसरा वाद हॉररचा. ज्यांना भूत, पाठलाग, रक्त हवं असतं, ते इथून निराश परततात. दचकवणारे दोनचार प्रसंग आहेत, पण त्यांच्यासाठी कुणी या गेमकडे जात नाही. ही भीती कुठून आली हे डेव्हलपरने स्वतःच सांगून ठेवलंय: जपानमधले भुयारी रस्ते, ओळखीच्या पण माणसांवाचून विचित्र वाटणाऱ्या रिकाम्या जागा, आणि ‘बॅकरूम्स’. बॅकरूम्सची कल्पना २०१९ मध्ये एका निनावी पोस्टमधून पसरली. पिवळट भिंती, ओलसर गालिचा आणि न संपणाऱ्या रिकाम्या खोल्या. २०२२ मध्ये केन पार्सन्स या किशोरवयीन मुलाच्या व्हिडिओंनी ती करोडो लोकांपर्यंत नेली.

जपानची स्वतःचीही एक जुनी पुंजी आहे, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. जानेवारी २००४ मध्ये ‘२चॅनल’ या इंटरनेटवरच्या चर्चामंचावर एका व्यक्तीने रात्रीच्या गाडीतून लिहायला सुरुवात केली: रोजची गाडी आज थांबतच नाही. पुढे ती एका स्टेशनावर उतरली, त्याचं नाव किसारागी. असं स्टेशन कुठल्याही नकाशावर नाही. लोक सूचना देत राहिले, ती उत्तरं देत राहिली, आणि पहाटे लिहिणं थांबलं. ही दंतकथा जपानमध्ये आजही सांगितली जाते. जिथली सार्वजनिक वाहतूक मिनिटाच्या हिशेबाने चालते, जिथे प्रत्येक दाराला नंबर आहे आणि प्रत्येक वळणावर पाटी आहे, तिथे पाटीने दगा देणं ही केवढी मोठी भीती असेल! ‘एक्झिट ८’मधली पिवळी पाटी हेच काम करते.

खेळाच्या रचनेचे पूर्वज दोन. जपानी गेम-दिग्दर्शक हिदेओ कोजिमाचा ‘पी.टी.’ ऑगस्ट २०१४ मध्ये प्लेस्टेशन ४ वर फुकट आला. एकाच घरातला कोन असलेला बोळ, दार उघडलं की पुन्हा तोच बोळ, दर वेळी थोडा बिघडलेला. ज्या ‘सायलेंट हिल्स’ची ती झलक होती तो गेम पुढच्या वर्षी रद्द झाला, ‘पी.टी.’ही स्टोअरवरून काढला गेला, पण तो बोळ हॉरर बनवणाऱ्यांच्या मनातून गेला नाही. दुसरा ‘आय’म ऑन ऑब्झर्वेशन ड्यूटी’, २०१८ चा. सुरक्षा कॅमेऱ्यांतून खोल्या बघायच्या आणि काय हललं ते कळवायचं. ‘एक्झिट ८’ने दोन्ही जोडले आणि उत्तर द्यायची बटणं काढून टाकली. आपलं उत्तर आपण पायांनी देतो: पुढे किंवा मागे. माझ्या मते या गेमची खरी प्रतिभा या एका निर्णयात आहे.

ती किती नेमकी होती हे नंतर आलेल्या नकलांनी दाखवलं. काही महिन्यांतच दुकानं, शाळा, दवाखाने, विमानं अशा जागा घेऊन तसेच गेम निघाले, आणि जपानी खेळाडूंनी त्या सगळ्यांना ‘आठ नंबरसारखे’ असं नावच देऊन टाकलं. चिलाज आर्टनेही २०२४ मध्ये बुलेट ट्रेनमधला ‘शिनकानसेन ०’ काढला. खुद्द कोताके क्रिएटचा पुढचा गेम ‘प्लॅटफॉर्म ८’ मे २०२४ मध्ये आला. त्यात आगगाडीच्या डब्यांतून पुढे सरकायचं असतं, मागे फिरायचा पर्याय राहत नाही. प्रत्येक डब्यातल्या प्रकाराला तोंड द्यायचं आणि पुढचा डबा गाठायचा. तो अनेकांना जास्त भीतिदायक वाटला, तरी पहिल्याइतका डोक्यात बसला नाही अशी मतं पुष्कळ आली, आणि मीही त्याच बाजूची आहे. संशय घ्यायला वावच उरला नव्हता.

ऑगस्ट २०२५ मध्ये जपानमध्ये या गेमवरचा चित्रपट प्रदर्शित झाला. दिग्दर्शक गेन्की कावामुरा, मुख्य भूमिकेत काझुनारी निनोमिया. त्याआधी मे महिन्यात तो कान महोत्सवात मध्यरात्रीच्या खेळांमध्ये दाखवला गेला होता. गेममध्ये नसलेली गोष्ट त्यात घालावी लागली. भुयारात शिरण्याआधी नायकाला दुरावलेल्या प्रेयसीकडून ती गरोदर असल्याचं कळतं, आणि पुढे जायचं की मागे फिरायचं हा प्रश्न त्याच्या आयुष्यालाही लागू होतो. समोरून येणाऱ्या त्या मध्यमवयीन माणसालाही चित्रपटात स्वतःचा भूतकाळ मिळाला. गेमच्या चाहत्यांत यावरून नवी दुफळी पडली आहे: काहींना त्या माणसाबद्दल प्रथमच कणव वाटली, तर काहींना वाटतं की त्याच्याबद्दल काहीही माहीत नसणं हीच त्याची भीती होती.